चौकट एकच, आतला मजकूर हवा तो! ॲपमधलं 'कार्ड' असं का बनवतात?

इन्स्टाग्रामचं फीड वर सरकवा. एक पोस्ट फोटोची, दुसरी व्हिडिओची, तिसरीत दहा फोटो. पण वरचं नाव, कोपऱ्यातले तीन ठिपके आणि खालचा बदाम सगळीकडे तेच. आतला माल बदलतो, चौकट बदलत नाही. अशा पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या चौकटीला डेव्हलपर 'कंट्रोल' किंवा 'कंपोनंट' म्हणतात.

नाशिकचंच उदाहरण घेऊ

२०१५ च्या सिंहस्थाआधी नाशिकमध्ये 'कुंभथॉन' झाली होती. गर्दी, आरोग्य अशा प्रश्नांवर विद्यार्थी आणि तंत्रज्ञांनी तिथे उपाय शोधले. आता २०२७ चा सिंहस्थ येतोय. समजा, भाविकांसाठी ॲप तुम्ही बनवताय आणि त्यात सूचनांचं कार्ड हवंय.

रामकुंडावरच्या गर्दीची सूचना म्हणजे फक्त दोन ओळी. हरवलेल्या माणसाच्या सूचनेत फोटो आणि फोन लावायचं बटण हवं. त्र्यंबकेश्वरच्या बससाठी वेळापत्रक हवं.

सोपा वाटणारा मार्ग म्हणजे तीन वेगळी कार्डं बनवणं. मग कुणीतरी सांगतं, "आजी-आजोबांना अक्षरं दिसत नाहीत, मोठी करा." तुम्ही दोन कार्डं दुरुस्त करता, तिसरं राहून जातं. ते नेमकं हरवलेल्या माणसाचं असेल तर?

उपाय: आत जागा रिकामी सोडा

कार्ड एकच बनवायचं. कडा, रंग, अक्षरांचा आकार, बंद करायची फुली हे कार्ड ठरवणार. आत काय ठेवायचं, ते वापरणारा ठरवणार.

ही कल्पना जुनीच आहे. एचटीएमएलमध्ये 'इनपुट' टॅगने बटण केलं, तर त्यावर फक्त साधी अक्षरं लिहिता येतात. १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये 'बटन' टॅग आला आणि बटणाच्या आत चित्र, ठळक अक्षरं असं काहीही ठेवता येऊ लागलं.

आज रिॲक्टमध्ये या आतल्या मजकुराला 'चिल्ड्रन' म्हणतात. व्ह्यू आणि वेब कंपोनंट्समध्ये रिकाम्या जागेला 'स्लॉट' म्हणतात. अँड्रॉइडच्या जेटपॅक कंपोजमध्येही हाच शब्द चालतो. एका कार्डात अनेक स्लॉट ठेवता येतात: एक शीर्षकाचा, एक मजकुराचा, एक बटणांचा. वेब कंपोनंट्सच्या स्लॉटमध्ये काहीच दिलं नाही, तर आधी ठरवून ठेवलेला मजकूर दिसतो.

पण दोन गोष्टी सांभाळा

पहिली, बटणात बटण नको. अख्खं कार्डच बटण केलं आणि आत 'फोन लावा' हे दुसरं बटण ठेवलं, तर बोट टेकवल्यावर नेमकं काय होणार? एचटीएमएलच्या नियमांत हे बसत नाही. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध व्यक्तीचाही गोंधळ उडतो.

दुसरी, कार्डाची उंची पक्की करू नका. इंग्रजी अक्षरांच्या मापाने उंची बांधली, की मराठीतल्या वेलांट्या आणि उकार कापले जातात. मजकूर वाढेल तसं कार्डही वाढलं पाहिजे.

एकाच चौकटीचा फायदा मोठा, तशी जबाबदारीही मोठी. एक दुरुस्ती केली की सगळी कार्डं सुधारतात, आणि एक चूक केली की सगळी बिघडतात.

तुमच्या रोजच्या ॲपची परीक्षा आत्ताच घ्या. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा करा आणि ॲप उघडा. मराठी मजकूर कापला गेला, तर समजा, चौकट बनवणाऱ्याने आतल्या मजकुराचा विचारच केला नव्हता.