घरगुती गुप्तलिपी आणि चौतिसावे अक्षर

गुप्तलेखन मराठीला नवे नाही. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. परिणामी तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्र’ पंथाबाहेरच्या वाचकांना शतकानुशतके अपरिचित राहिले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी सकळ लिपीची उकल केली, तेव्हा कोठे हे भांडार सर्वांना खुले होऊ लागले.

अक्षरांच्या अदलाबदलीचे तेच तत्त्व घेऊन तारनाक्यावरील मराठी घरातले शाळकरी मूलही आज संगणकावर छोटासा प्रोग्रॅम रचू शकेल. ‘क’पासून ‘ळ’पर्यंतच्या ३४ व्यंजनांना क्रमांक द्यावेत. किल्ली ३ ठरली, तर प्रत्येक व्यंजन तीन घरे पुढे सरकवावे. बेरीज ३४च्या पुढे गेल्यास ३४ वजा करावेत. स्वर, काने, मात्रे जागच्या जागी ठेवावेत. मग ‘तारनाका’चे ‘धाशबाघा’ होते. उलगडताना तीन घरे मागे यावे, इतकेच. जोडाक्षरांचीही अडचण नाही. संगणक ‘ज्ञ’ हे अक्षर ज, हलन्तचिन्ह आणि ञ असे सुटे करूनच साठवतो.

येथे एक गंमत आहे. शाळेतल्या हिंदीच्या सवयीने मूल ३३ व्यंजनांवर थांबले, तर ‘बाळ’ आणि ‘केळी’ या प्रोग्रॅमला झेपणारच नाहीत!

तथापि हे कुलूप कच्चे आहे. किल्ल्या अवघ्या ३३. त्या एकेक लावून पाहता येतात. शिवाय मराठी वाक्य वारंवार ‘आहे’ने संपते, त्या जागी पुनःपुन्हा ‘आखे’ दिसले, की चाणाक्ष वाचक किल्ली ओळखतो. अक्षरांच्या वारंवारितेवरून गुपित फोडण्याची ही युक्ती बगदादच्या अल्‌-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवली होती. ‘गोदावरी’सारखा शब्द किल्ली म्हणून घेऊन ग, द, व, र यांच्या क्रमांकांनी आळीपाळीने अक्षरे सरकवली, तर कोडे अवघड होते, पण अभेद्य नव्हे. म्हणून बँकेचे परवलीचे शब्द या खेळावर सोपवू नयेत.

आणखी एक ध्यानात ठेवावे. चोराला अडवणारे कुलूप वारसालाही अडवते. पणजोबांचे मोडी कागद ज्या घरांत आज कोणाला वाचता येत नाहीत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. मुलांनी गुपिते अवश्य लिहावीत. मात्र किल्ली घरात कोणाला तरी सांगून ठेवावी आणि चौतिसावे अक्षर विसरू नये.