दोन सूर तेच, कॉर्ड वेगळा

बी फ्लॅटमधला 12 बारचा ब्लूज साधेपणाने वाजवला तर बी फ्लॅट सेव्हन, ई फ्लॅट सेव्हन आणि एफ सेव्हन एवढ्यावर भागतं. जॅझवाले नवव्या बारला सी मायनर सेव्हन घेतात आणि दहाव्यात एफ सेव्हनच्या जागी खुशाल बी सेव्हन ठेवतात. अगोचरपणा वाटतो ना? गिटार घेऊन बघा. एफ सेव्हनसाठी सहाव्या तारेवर पहिला फ्रेट, चौथीवर पहिला, तिसरीवर दुसरा. आता चौथी-तिसरीवरचे सूर तसेच ठेवा आणि सहावीऐवजी पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट दाबा. झाला बी सेव्हन! कॉर्डचा स्वभाव ठरवणारे ए आणि ई फ्लॅट दोन्हींत आहेतच. तिसरा कोण आणि सातवा कोण, एवढंच उलटतं. बेस मात्र सी, बी, बी फ्लॅट असा अर्ध्या-अर्ध्या सुराने झकास उतरतो.

पाचवा सूर गाळला तरी बिघडत नाही. सोबत बेसवादक असेल तर मूळ सूरही त्याच्यावर सोडावा. सहाही तारा झोडपणं नकोच. काउंट बेसींच्या बँडमध्ये 1937 पासून 1987 पर्यंत ऱ्हिदम सांभाळणारे फ्रेडी ग्रीन अशाच दोन-तीन सुरांवर भागवत, तेही अ‍ॅम्प्लिफायरशिवाय.