फेंडर डीलक्स रिव्हर्बचा फायबर बोर्ड: बिघाड आणि दुरुस्ती

फेंडर कंपनीचा ‘डीलक्स रिव्हर्ब’ हा १९६३ साली आलेला गिटार ॲम्प्लिफायर. शक्ती २२ वॅट, शेवटच्या टप्प्यात ६व्ही६ जातीचे दोन व्हॉल्व्ह आणि १२ इंची एकच स्पीकर. त्याची चेसिस उलटी करून पाहिली की आत छापील सर्किट बोर्ड दिसत नाही. काळ्या फायबरची एक लांब पट्टी दिसते, तिच्यात ओळीने बसवलेली धातूची आयलेट आणि प्रत्येक आयलेटमध्ये रेझिस्टर, कपॅसिटर आणि कापडी वेष्टणाच्या तारा यांची टोके एकत्र सोल्डर केलेली. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन इथे लिओ फेंडरच्या कारखान्यात ही जोडणी हाताने होत असे, आणि १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतल्यावरही ती पद्धत चालू राहिली. सगळे सुटे भाग डोळ्यांसमोर असल्यामुळे साठ वर्षांनंतरही हे यंत्र साध्या हत्यारांनी दुरुस्त होते. दोष आहे तो पट्टी ज्या द्रव्याची केली आहे त्या द्रव्यात.

हे द्रव्य म्हणजे व्हल्कनाइज्ड फायबर. सुती चिंध्यांपासून केलेला कागद झिंक क्लोराइडच्या द्रावणातून काढतात, थरावर थर दाबतात, मग क्लोराइड धुऊन काढून तक्ता वाळवतात. तक्ता चिवट होतो, स्वस्त पडतो आणि त्याला भोके सहज पाडता येतात. पण मूळ कागदाचेच असल्यामुळे तो हवेतला ओलावा शोषतो. हे टाळण्यासाठी फेंडरकडे बोर्डाला मेण दिले जाई. मात्र वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते मेण पातळ होऊन पसरते, धूळ धरून ठेवते आणि जिथे ते विरळ होते तिथून ओलावा आत शिरतो. मग ज्या पट्टीने वीज अडवायची, तीच थोडी थोडी वीज वाहू लागते.

ही गळती किती कमी असली तरी पुरते, हे आकड्यांवरून कळते. सुरुवातीच्या टप्प्यांतल्या १२एएक्स७ व्हॉल्व्हच्या प्लेटवर १८० व्होल्टच्या आसपास दाब असतो. तिथून इंचभर अंतरावर पुढच्या टप्प्याची ग्रिड आहे आणि ती १ मेगओहमच्या रेझिस्टरमार्गे ग्राउंडला जोडली आहे, असे धरू. मधल्या फायबरचा रोध १०० मेगओहमपर्यंत उतरला, तर ग्रिडवर सुमारे १.८ व्होल्ट येतात. या व्हॉल्व्हचा कॅथोड ग्रिडपेक्षा जेमतेम दीड-दोन व्होल्ट वर असतो आणि त्या फरकावरच, म्हणजे बायसवर, त्याचे काम चालते. म्हणजे १०० मेगओहम हा आकडा कागदावर कितीही मोठा दिसला, तरी तेवढ्या गळतीने व्हॉल्व्हचा बायस जवळपास पुसला जातो. बटण फिरवताना खरखर येते, काही न वाजवता मागे कुजबुजल्यासारखा आवाज येत राहतो, सूर फाटतो. हीच गळती शेवटच्या टप्प्यातल्या ६व्ही६च्या ग्रिडपाशी झाली तर त्यांचा प्रवाह वाढतो आणि प्लेट लाल होईपर्यंत तापतात. दमट दिवशी बिघडणारा आणि कोरड्या दिवशी आपोआप सुधारणारा ॲम्प्लिफायर आला, की पहिला संशय बोर्डावर घ्यावा.

संशय खरा ठरवण्याआधी दुसरे दोन आरोपी तपासावे लागतात: गळका कपलिंग कपॅसिटर आणि खराब व्हॉल्व्ह. दोन्हींमुळे ग्रिडवर असाच नको असलेला धन दाब येतो. म्हणून आधी व्हॉल्व्ह सॉकेटमधून काढून मोजायचे. दाब तसाच राहिला तर व्हॉल्व्ह निर्दोष. मग कपॅसिटरचे ग्रिडकडचे टोक सोडवायचे. तरीही मीटर काही दाखवत असेल, तर दोष बोर्डाचाच. यावर थेट चाचणीही आहे. मीटरचे काळे टोक चेसिसला लावून लाल टोक दोन आयलेटांमधल्या कोऱ्या फायबरवर टेकवायचे. चांगल्या बोर्डावर काही मिलिव्होल्टच दिसतात, बिघडलेल्यावर व्होल्टाचे दशांश किंवा थेट काही व्होल्ट. नेहमीच्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध १० मेगओहम असतो, त्यामुळे तो खरा दाब खाली ओढतो. मीटरवर अर्धा व्होल्ट दिसला तर प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त आहे असे समजावे.

ही मोजमापे चालू यंत्रावर होतात आणि आत ४०० व्होल्टहून अधिक दाब असतो. एक हात दूर ठेवून, एकाच हाताने काम करण्याचा रेडिओ मेकॅनिकांचा जुना रिवाज इथे तंतोतंत पाळावा. सोल्डरिंगला हात घालण्याआधी प्लग काढावा, फिल्टर कपॅसिटर काही वॅटच्या रेझिस्टरमधून रिकामे करावेत आणि रिकामे झाल्याचे मीटरवर पाहावे. नुसते बंद केलेले यंत्रही जीव घेऊ शकते.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे वाळवणे. वर साचलेले मेण आणि धूळ पुसून बोर्डाला हेअर ड्रायरची सौम्य उष्णता बराच वेळ द्यायची. घाई करून हीट गन लावली तर मेण वितळून आयलेटांत उतरते आणि जुन्या कार्बन रेझिस्टरांचे मूल्य बदलते. वाळवल्यावर यंत्र सुधारते खरे, पण दमट हवेत दुखणे परत येते. मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावर तर एका पावसाळ्यात येईल. टिकाऊ उपाय वेगळा आहे: जी ग्रिडची जोडणी बिघडली असेल, ती आयलेटमधून पूर्ण उचलून बोर्डाला न टेकता हवेतच जोडायची. कपॅसिटरचे टोक आणि ग्रिडची तार यांचा सांधा बोर्डापासून पाव इंच वर राहिला, की फायबर कितीही ओले झाले तरी त्याचा संबंध उरत नाही. दिसायला हे फारसे देखणे नाही, पण मूळ भागांना धक्का न लावता दोष मुळापासून काढणारा याहून चांगला इलाज नाही.

जळालेल्या जागेचे प्रकरण जास्त बिकट. एखादा रेझिस्टर तापून जळला की त्याखालच्या फायबरचा कोळसा होतो, आणि कोळसा वीज वाहतो. छापील बोर्डावर जळकी जागा काळी दिसते, इथे बोर्डच काळा. नजरेला फक्त चकाकी गेलेला, भुसभुशीत ठिपका दिसतो. त्यामुळे किती खरवडायचे हे ५०० व्होल्टच्या इन्सुलेशन टेस्टरने ठरवावे लागते: खरवडायचे, मोजायचे, पुन्हा खरवडायचे. कोळशाचा कणही उरला तर तिथूनच पुन्हा ठिणगी पडते. नवा रेझिस्टर बोर्डाला चिकटवून न बसवता थोडा वर उचलून बसवावा.

बोर्ड ठिकठिकाणी गळत असेल, तरच तो पूर्ण बदलण्याचा विचार करावा. नवा बोर्ड काच-इपॉक्सीचा करतात, तो ओलावा जवळपास शोषत नाही. मूळ पट्टी छापा म्हणून वापरून भोके पाडतात, प्रत्येक तारेचे छायाचित्र घेतात आणि जुने भाग एकेक करून हलवतात. १८३ अंशांना वितळणारे ६३/३७ शिसे-कथिलाचे सोल्डर इथे योग्य. आयलेटमध्ये ते भरमसाट ओतू नये, जादा सोल्डर खाली उतरून बोर्डामागच्या तारांना भिडते.

छापील बोर्डाच्या ॲम्प्लिफायरांत अडचण वेगळी असते. मार्शलने १९७० च्या दशकात असे बोर्ड वापरायला सुरुवात केली. त्यांत जास्त उष्णतेने तांब्याचा पॅड उखडतो. तो चिकटवत बसण्यापेक्षा त्याच ट्रॅकच्या पुढच्या बिंदूपर्यंत तार टाकावी.

काम झाल्यावर यंत्र थेट प्लगला लावू नये. आपल्याकडच्या प्रत्येक मेकॅनिकला माहीत असलेला सिरीज बल्ब आधी जोडावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तेजाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. अमेरिकन ॲम्प्लिफायर १२० व्होल्टचा असल्यामुळे भारतात मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. ६व्ही६ बसवण्याआधी त्यांच्या ग्रिडवर उणे ३५ व्होल्टच्या आसपास बायस येतो का हे पाहावे. मग व्हॉल्व्ह लावून, स्पीकर जोडून, तासभर चालवून प्रत्येक ग्रिड पुन्हा मोजावी.

काढलेला मूळ बोर्ड आणि बदललेले भाग मात्र मालकाने पिशवीत घालून ॲम्प्लिफायरसोबतच ठेवावेत. कोणते बदल केले याची तारीख घातलेली चिठ्ठीही त्यात असावी. पुढच्या मेकॅनिकला त्यांचा उपयोग होतो आणि विकताना किंमतही त्यांवरच ठरते.