चाहत्यांच्या मेळ्यातली पहिली भवानी

१९३९ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क शहरात विज्ञानकथांच्या वाचकांचे जे पहिले जागतिक संमेलन भरले, त्याला आलेल्या सुमारे दोनशे लोकांत भविष्यकाळातील माणसांचा वेष धारण करून आलेले दोघेजण विशेष गाजले. आणि ते दोन्ही वेष लॉस एंजेलिसहून आलेल्या मर्टल डग्लस नावाच्या स्त्रीने, १९३६ च्या ‘थिंग्ज टु कम’ या चित्रपटातील पोशाखांवरून, स्वतःच्या हाताने शिवले होते. त्यांतला एक तिच्या अंगावर होता, दुसरा तिच्या स्नेह्याच्या. ते विकावेत असा विचारही त्या वेळी कोणाच्या मनाला शिवला नसावा. परंतु कल्पित सृष्टीवर जडलेला लोभ कापडात, लोकरीत, मातीत किंवा कागदात उतरवावा आणि तो आपल्यासारख्याच वेड्यांना नेऊन दाखवावा, ही जी ऊर्मी तेथे प्रकट झाली, तिच्यातूनच आजचा एक विलक्षण बाजार उभा राहिला आहे.

या मेळ्यांना ‘कन्व्हेन्शन’, आणि लाडाने नुसते ‘कॉन’, म्हणतात. चित्रकथा, जपानी ॲनिमे, अद्भुत चित्रपट, संगणकावरचे खेळ यांचे चाहते दोन-तीन दिवस एका छपराखाली जमतात. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे १९७० साली एका हॉटेलात काही शे माणसांनिशी सुरू झालेल्या मेळ्याला आता सव्वा लाखाहून अधिक लोक येतात. आपल्याकडे ‘कॉमिक कॉन’ प्रथम भरला तो फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाट येथे, म्हणजे देशभरच्या कारागिरांना आळीपाळीने गाळे देणाऱ्या जागीच. आणि पुढे तो मुंबईला आला. प्रकाशकांचे मंडप, नटनट्यांच्या मुलाखती, वेषधाऱ्यांच्या स्पर्धा हा त्याचा दर्शनी भाग झाला. पण दालनाच्या एखाद्या अंगाला लांबच लांब टेबलांच्या रांगा असतात, त्यांना ‘आर्टिस्ट ॲली’ म्हणतात, आणि माझ्या मते मेळ्याचा जीव तेथे असतो. दिवसा बँकेत बसून रात्री क्रोशाच्या सुईवर बाहुल्या विणणारी एखादी मुलगी, स्थापत्यशास्त्राच्या अभ्यासातून वेळ चोरून मातीचे चिमुकले राक्षस घडवणारा विद्यार्थी, घरी छापलेली चित्रे आणि बिल्ले घेऊन आलेली भावंडे, अशी ही मंडळी असतात. आणि दर मेळ्यात त्यांतली पुष्कळशी अगदी पहिल्यांदाच बसलेली असतात.

जत्रेतल्या पालात गंडेदोरे विकणारा माणूस त्या देवाचा भक्त असलाच पाहिजे, असे काही नसते. इथे मात्र विकणारा आणि घेणारा दोघेही एकाच दैवताचे भक्त असतात, आणि नवशिक्या विक्रेत्याच्या बहुतेक साऱ्या अडचणी या एकाच गोष्टीतून उद्भवतात. भक्ताला भक्ताकडून पुरते मोल घ्यायला संकोच वाटतो, म्हणून तो आपल्याच हाताचा हक्क बुडवतो. आणि ज्याची भक्ती करायची त्याची मूर्ती घडवायला परवानगी कशाला, असे त्याला वाटते, म्हणून तो दुसऱ्याचाही हक्क विसरतो.

या व्यवहाराचे सर्वांत विचारपूर्वक बसवलेले रूप पाहायचे, तर जपानकडे पाहावे लागते. तोक्यो येथे डिसेंबर १९७५ मध्ये ‘कॉमिक मार्केट’ प्रथम भरले, तेव्हा त्यात चाहत्यांची ३२ मंडळे, म्हणजे विक्रेते गट, होती आणि सुमारे सातशे लोक आले होते. त्यांत मोठा भरणा शाळकरी मुलींचा होता. आज तेच मार्केट वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि वर्षअखेरीस, ‘तोक्यो बिग साइट’च्या अवाढव्य दालनांत भरते. प्रत्येक मंडळाच्या वाट्याला येते ते अर्धे टेबल, म्हणजे नव्वद सेंटिमीटर लांबीची जागा, आणि खुर्च्या दोन. जागेसाठी अर्ज करावा लागतो आणि अर्ज जागांहून अधिक आले की सोडतीवर भिस्त ठेवावी लागते. तेथे ‘गिऱ्हाईक’ ही संज्ञाच आयोजकांना मान्य नाही: विकणारे, घेणारे आणि राबणारे स्वयंसेवक हे सगळेच ‘सहभागी’, आणि दालन उघडताना व मिटताना सगळेच टाळ्या वाजवतात. सहभागी म्हटला की त्याच्यावर शिस्तही आली. घेणाऱ्याने सुटी नाणी आणि लहान नोटा घरूनच आणाव्यात, मोठी नोट पुढे करून समोरच्याची मोड संपवू नये, हा तेथला शिष्टाचार. आणि आयोजकांच्याच पाहणीनुसार बहुसंख्य मंडळांचा खर्चसुद्धा भरून निघत नाही, हे सर्वांना ठाऊक असूनही पुढच्या वेळी अर्ज कमी येत नाहीत.

तोटा जाणूनबुजून पत्करणे वेगळे आणि हिशेबच न केल्यामुळे तो पदरात पडणे वेगळे. आपल्याकडच्या नवशिक्याचे बहुधा दुसरे होते. वीतभर उंचीची एक लोकरी बाहुली घेऊ. जपानी लोक जिला ‘अमीगुरुमी’ म्हणतात ती ही बाहुली. लोकरीच्या एका लहानशा फासात पहिले टाके घालून, फेरीवर फेरी चढवत, कुठे टाका वाढवत, कुठे दोन टाक्यांचा एक करत तिचे डोके आकाराला येते. पोकळी मिटण्याआधी डोळे बसवायचे, कारण मागाहून आतली चकती लावता येत नाही. मग कापूस इतकाच भरायचा की टाक्यांच्या फटींतून तो डोकावू नये. असे डोके, धड, हातपाय वेगवेगळे विणून सांधायला सरावलेल्या हातालाही सहा तास सहज लागतात. लोकर, भरण आणि डोळे मिळून दीडशे रुपये धरू, मेहनताना तासाला अवघा शंभर धरू, म्हणजे सहाशे झाले. टेबलाचे भाडे समजा बारा हजार आणि विकायच्या वस्तू ऐंशी, तर प्रत्येकीवर आणखी दीडशेचा बोजा. ही बाहुली नऊशेला पडली, आणि यात कारागिराला नफा असा काहीच नाही. तरी टेबलावरच्या चिठ्ठीवर विणणाऱ्या मुलीने लिहिलेले असते साडेतीनशे. का, तर ‘मी स्वतः नऊशे दिले नसते’.

या उत्तरातला प्रामाणिकपणा मला आवडतो, पण त्यातले गणित पटत नाही. आपण विकत घेणार नाही ती वस्तू आपण घरी करू शकतो म्हणून घेणार नाही. समोरच्याला ती करता येत नाही, हेच तर त्याच्या येण्याचे कारण आहे. शिवाय क्रोशाच्या कामाची एक गोष्ट सामान्य माणसाला ठाऊक नसते. साधे विणकाम यंत्रावर होते. क्रोशाचे काम मात्र अजून कारखान्यांतही माणसाच्या हातानेच होते. रस्त्यावर शंभर रुपयांना मिळणारी क्रोशाची बाहुलीदेखील कोणाच्या तरी बोटांनीच विणलेली असते, आणि ती स्वस्त आहे याचा अर्थ त्या बोटांना फार थोडे मिळाले आहे. तेव्हा त्या किमतीशी स्पर्धा करायला निघालेली मुलगी नकळत त्याच अन्यायाची दस्तुरी भरत असते. यातून वाट एवढीच की मोठ्या बाहुल्या दोनचारच, पूर्ण किमतीच्या, ठेवाव्यात. आणि तासाभरात होणारी, किल्लीच्या कडीला अडकवायची, अडीचशेच्या आत बसणारी वस्तू मुबलक न्यावी. मोठी बाहुली खपत नाही, पण चालत्या माणसाला थांबवते, आणि थांबलेला माणूस लहान घेऊन जातो.

आता दुसरा हक्क. टेबलावरच्या वस्तूंपैकी बऱ्याचशा कोणा तरी दुसऱ्याने निर्मिलेल्या पात्रांच्या असतात. भारतातील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे चौदावे कलम या बाबतीत संदिग्ध नाही: सपाट चित्राचे त्रिमितीत रूपांतर करणे हादेखील मूळ कर्त्याच्या हक्काचा भाग आहे. म्हणजे चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या चिंटूची लोकरी बाहुली करून विकायची, तर तेथेही अनुमती हवी. मग परदेशी कंपन्यांच्या पात्रांची कथा ती काय! ‘चाहत्याने केलेले’ अशी पाटी लावल्याने हा दोष निवारला जात नाही. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षेपर्यंत हा हक्क चालतो. व्यवहारात मोठ्या कंपन्या अशा लहान टेबलांकडे पुष्कळदा काणाडोळा करतात हे खरे, परंतु काणाडोळा म्हणजे परवाना नव्हे, आणि तो डोळा केव्हा उघडेल याची हमी कोणी देत नाही.

या पेचावर जपान्यांनी काढलेला एक तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो. ‘वंडर फेस्टिव्हल’ नावाचा, हौशी मूर्तिकारांचा मेळा तेथे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून भरतो. १९९२ पासून तो ‘काइयोदो’ ही खेळणी आणि प्रतिकृती करणारी कंपनी चालवते, आणि २००९ पासून चिबा येथील ‘माकुहारी मेस्से’ या प्रदर्शनगृहात तो होतो. घरच्या घरी सिलिकॉनच्या साच्यांत रेझिन ओतून केलेल्या मूर्तींचे सुटे भाग लोक तेथे विकतात. मूर्तिकार काही महिने आधी आपल्या कामाचे नमुने आयोजकांकडे पाठवतो. आयोजक ते पात्राच्या मालकापुढे ठेवतात. मंजुरी मिळाली तर किमतीतला ठरीव हिस्सा मालकाला देण्याच्या कराराने, फक्त त्या एका दिवसापुरती, फक्त त्या दालनापुरती विक्रीची मुभा मिळते. संध्याकाळी दालन मिटले की मुभाही मिटली. हौशी माणसाला वकील गाठावा लागत नाही, आणि मालकाचा मानही राहतो. आपल्या आयोजकांनी हे अनुकरणीय मानावे असे वाटते. तोवर नवशिक्याने अर्जासोबतच्या अटी, कंटाळवाण्या असल्या तरी, शेवटच्या ओळीपर्यंत वाचाव्यात, आणि निदान निम्मे टेबल स्वतःच्या कल्पनेतल्या प्राण्यांना आणि माणसांना द्यावे. ते प्रारंभी हळू खपतात. पण त्यांच्यासाठी परत येणारा माणूस तुमच्यासाठी परत येतो.

कराच्या बाबतीत फार घाबरण्याचे कारण नाही. पुण्याचा कारागीर मुंबईत जाऊन वस्तू विकतो तेव्हा तो एकाच राज्यात असतो, आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्याला वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः करावी लागत नाही. बेंगळुरूला किंवा दिल्लीला जायचे तर परराज्यातल्या विक्रीचे नियम निराळे, आणि हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना त्यांत असलेली सवलत आपल्या वस्तूला लागू आहे की नाही, हे एखाद्या कर-सल्लागाराला आधी विचारून घ्यावे.

प्रत्यक्ष दिवशीची गोष्ट वेगळीच असते. सपाट टेबलावर पसरलेला माल गर्दीत समोर उभ्या राहिलेल्या दोन माणसांमागे अदृश्य होतो, म्हणून जाळीची चौकट उभी करून निम्मा माल डोळ्यांच्या उंचीवर टांगावा लागतो. किंमत लिहिलेली नसेल तर आपल्याकडचा माणूस विचारत नाही. विचारली तर घ्यावे लागेल, या संकोचाने तो हसून पुढे सरकतो. हजारो भ्रमणध्वनी एका छपराखाली आले की दुपारी बाराच्या सुमारास जाळे कोलमडते, आणि ज्याने पन्नासाच्या व शंभराच्या नोटांचे पाकीट घरून आणलेले नसते त्याचे गिऱ्हाईक हातातली वस्तू खाली ठेवून निघून जाते. शेजारच्या टेबलाशी पहिल्या तासातच स्नेह जोडावा, कारण जेवायला किंवा मोकळे व्हायला उठताना आपला गल्ला त्याच्याच नजरेवर सोपवायचा असतो.

एका टेबलाशी मी बराच वेळ उभा होतो. तिथल्या मुलीची सकाळ कोरडी गेली होती. येणारे छायाचित्र काढत, ‘किती गोड!’ म्हणत, जात. मग पाठीवर पुठ्ठ्याचे पंख बांधलेला एक मुलगा आला, रांगेच्या कोपऱ्यातला हिरवा, एका कानाचा प्राणी त्याने उचलला आणि विचारले, “याचा दुसरा कान कुठे गेला?” तो प्राणी तिच्याच कल्पनेतला होता. तिने सांगितले, की त्याने तो पैजेत गमावला. मुलाने घासाघीस न करता पैसे दिले. आणि स्वतःला कोणत्याही रूढीत न बसवणाऱ्या त्या मुलीने नोट कपाळाला लावून मगच पेटीत टाकली.

संध्याकाळी भाव उतरवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण सकाळी पूर्ण किंमत देऊन गेलेली माणसे अजून त्याच दालनात हिंडत असतात, आणि ती सगळी एकमेकांना ओळखतात. उरलेल्या मालाचा एक सुरेख उपयोग मात्र तेथे रूढ आहे: रांगेतले विक्रेते मिटण्याच्या सुमारास आपापल्या वस्तूंची अदलाबदल करतात, बाहुलीला चित्र, बिल्ल्याला मातीचा राक्षस. या विनिमयात जो तो दुसऱ्याच्या श्रमाचे मोल अचूक ओळखतो, कारण आपले काढताना चुकणारा माणूस दुसऱ्याचे काढताना सहसा चुकत नाही.

आणि दिवसभरात कोणी ना कोणी ‘माझ्यासाठी असेच एक, पण निळे’ म्हणून फर्माइश करून जातेच. ती आनंदाच्या भरात तोंडी स्वीकारू नये. वहीत नाव, रंग, उंची, ठरलेली किंमत आणि द्यायची तारीख लिहून, निम्मा बयाणा घेऊन, त्याची पावती द्यावी. आणि तारीख लिहिताना मेळ्यानंतरचा पहिला आठवडा हात दुखण्यासाठी राखून ठेवावा.