अडलेले कुलूप आणि त्याचा इलाज

१६१० साली मलिक अंबराने वसविलेली खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे दरवाजांचे नगर म्हणून ख्यात आहे. आणि जुन्या वेशींच्या अवाढव्य अडसरांचा बंदोबस्त ज्या तत्त्वावर चाले, त्याच तत्त्वावर आपल्या घराचे कुलूपही चालते. आडवा दांडा समोरच्या खाचेत नेमका बसला की द्वार बंद होते. म्हणून किल्ली फिरेनाशी झाली, की सारा कसूर कुलपाच्या माथी मारण्यापूर्वी दांडा आणि खाच परस्परांसमोर आहेत की नाहीत, याची चौकशी प्रथम व्हावी.

वैशाखाच्या कोरड्या उन्हात आकसलेले लाकूड मृगाच्या सरींनंतर हवेतील ओल शोषून रुंदीकडे फुगते, बिजागऱ्यांचे स्क्रू सैल होऊन दार खाली झुकते, आणि दांडा खाचेच्या कडेला घट्ट दाबला जातो. अशा वेळी दार मुठीने किंचित वर उचलून, आपल्याकडे ओढून वा आत लोटून, दांड्यावरील भार हलका करावा आणि मग किल्ली सावकाश फिरवावी. दार उघडे असता किल्ली सहज फिरत असेल, तर कुलूप निर्दोष आहे असे समजून सुताराकरवी बिजागरी आणि खाच दुरुस्त करून घ्यावी.

उघड्या दारातही किल्ली अडत असेल, तर मात्र दोष कुलपात किंवा किल्लीत असतो. अमेरिकन कारागीर लिनस येल (धाकटे) यांनी १८६०च्या दशकात ज्या रचनेची पेटंटे घेतली, तीत स्प्रिंगांवर तोललेल्या बारीक पिना किल्लीच्या दात्यांनी योग्य उंचीवर उचलल्या गेल्या तरच नळी फिरते. पिनांमध्ये धूळ साचली की हा मेळ बिघडतो. खाद्यतेल कालांतराने चिकट होऊन ती धूळ अधिकच धरून ठेवते; त्याऐवजी ग्राफाइटची पूड, आणि ती नसल्यास किल्लीवर घासलेले शिसपेन्सिलीचे शिसे उपयोगी पडते. झिजलेली किल्ली बाजूस ठेवून दुसरी लावून पाहावी. परंतु पकडीने पीळ कदापि देऊ नये, कारण किल्लीचा तुकडा आत अडकल्यास किल्लीवाल्याचे कामही दुर्घट होते.

वृद्ध आणि बालके राहतात त्या घरी ही बाब विशेष निकडीची आहे. न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी, जादा किल्ली विश्वासू शेजाऱ्यांकडे ठेवावी, आणि किल्ली जड फिरू लागताच दुरुस्तीची तजवीज करावी. कारण आजारात वा आगीच्या प्रसंगी दार तत्काळ उघडणे हे चोरापासून ते बंद राहण्याइतकेच अगत्याचे असते.