घाबरलेला डोळा काय टिपतो?

“मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय” ही साक्ष कितपत पक्की असते?

लंडनच्या ‘लंडन डंजन’ या भयदालनात टिम व्हॅलेंटाइन आणि यान मेसूत यांनी एक प्रयोग केला. २००९ साली तो प्रसिद्ध झाला. आत भेटलेल्या भीतिदायक नटाला लोकांनी नंतर फोटोंतून ओळखायचं होतं. कमी घाबरलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी त्याला बरोबर ओळखलं, जास्त घाबरलेल्यांपैकी फक्त १७ टक्क्यांनी!

कारण? जीव मुठीत असताना लक्ष आकसतं. समोर चाकू असेल तर नजर चाकूवरच खिळते, चेहरा निसटतो.

पण शांत माणसाची आठवणही कालांतराने विरते. ११ जुलै २००६ ला जोगेश्वरी, बोरिवलीसह पश्चिम रेल्वेवर लोकलमध्ये सात स्फोट झाले. त्या खटल्यात काही टॅक्सीचालकांनी शंभरहून अधिक दिवसांनी जबाब दिले. इतक्या काळानंतर टॅक्सीत बसलेल्या प्रवाशांचे चेहरे लक्षात राहण्याचं सबळ कारण मुंबई उच्च न्यायालयाला दिसलं नाही. ओळख परेडही ग्राह्य धरली गेली नाही. २१ जुलै २०२५ ला १२ जणांची निर्दोष मुक्तता झाली. (हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आहे.)

म्हणून अंधेरी-घाटकोपरच्या गर्दीत काही घडताना पाहिलंत, तर व्हॉट्सअॅपवरचे व्हिडिओ बघण्याआधी, इतरांशी चर्चा करण्याआधी आठवेल ते लिहून काढा. जे दिसलं नाही, तिथे “दिसलं नाही” असंच लिहा.

#मानसशास्त्र #स्मरणशक्ती #मुंबई