आठ मैलांचा रस्ता, सात दिवसांची नजर

ऑस्टिनची नगरपरिषद समजून घेताना आपल्या वाचकाने दोन फरक ध्यानात ठेवावेत. महाराष्ट्रात पोलीस राज्याच्या गृहखात्याचे असतात आणि महापालिका आयुक्त राज्य सरकार धाडतं. टेक्सासच्या या राजधानीत पोलीस खातं शहराचं आहे आणि आयुक्ताच्या तोडीचा सिटी मॅनेजर नगरपरिषदच नेमते. त्यामुळे रस्त्याचा खर्च आणि पोलिसांचे कॅमेरे हे दोन्ही विषय एकाच सभागृहात येतात. २०२५ च्या मे-जूनमध्ये ते पाठोपाठ आले.

सभागृह लहान आहे. महापौर एक, नगरसेवक दहा. पूर्वी प्रत्येक नगरसेवक अख्ख्या शहरातून निवडून येई. २०१२ मध्ये मतदारांनी प्रभागांच्या बाजूने कौल दिला आणि २०१४ पासून पूर्वेकडच्या वस्त्यांना स्वतःचे प्रभाग मिळाले.

पूर्व-पश्चिम हा ऑस्टिनमध्ये नुसता दिशांचा मामला नाही. १९२८ च्या शहर आराखड्याने कृष्णवर्णीयांना शहराच्या पूर्व भागात ढकललं. पुढे त्या सीमेवरच्या ईस्ट ॲव्हेन्यूच्या जागी आय-३५ महामार्ग आला, १९६२ मध्ये खुला झाला आणि कागदावरची रेघ काँक्रीटची झाली. आता राज्याचं परिवहन खातं त्यातले सुमारे आठ मैल नव्याने बांधत आहे. खर्च अंदाजे ४५० कोटी डॉलर. वरचे पूल पाडायचे, मुख्य मार्गिका जमिनीच्या पातळीखाली न्यायच्या, रुंदीही वाढवायची. हा रस्ता राज्याचा, तेव्हा त्यावर शहराचा अधिकार नाही. शहराच्या हाती उरलं ते एवढंच: खाली गेलेल्या मार्गिकांवर काही ठिकाणी छत टाकून दोन्ही बाजू जोडायच्या की नाही. छताचे पैसे शहराचे, आणि पाया आत्ताच घातला नाही तर नंतर छत नाही. २२ मे रोजी परिषदेने आधाराच्या बांधकामासाठी सुमारे १०.४ कोटी डॉलर देण्याचा निर्णय घेतला. वरती बाग होईल की आणखी काही, त्याचा हिशेब पुढे ढकलला गेला.

कॅमेऱ्यांचं गणित याच्या उलट. पैसे किरकोळ, अधिकार पूर्ण. खांबावरचा किंवा पोलीस गाडीतला कॅमेरा समोरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीची नंबरप्लेट वाचतो, वेळ आणि ठिकाण नोंदवतो, आणि चोरीच्या किंवा हव्या असलेल्या गाड्यांच्या यादीशी पडताळतो. जुळलं की पोलिसांना इशारा जातो. न जुळलेल्यांचीही नोंद राहते, आणि वादाचं मूळ तिथेच आहे. ऑस्टिनमध्ये ही योजना २०२४ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. खांबांवरचे कॅमेरे अटलांटाच्या फ्लॉक सेफ्टी कंपनीचे होते. गुन्ह्याशी संबंध नसलेली नोंद सात दिवसांत पुसायची, अशी अट होती.

पोलिसांचं म्हणणं साधं होतं: चोरीच्या गाड्या सापडतात, संशयित हाती लागतात, आणि मनुष्यबळ अपुरं असताना यंत्राची मदत हवी. विरोधकांना भीती होती ती ही माहिती केंद्राच्या स्थलांतरित-विरोधी कारवाईत वापरली जाण्याची. त्यात शहराच्याच लेखापरीक्षणात निघालं की एक पंचमांशाहून अधिक शोधांची कारणं नीट नोंदवलेलीच नव्हती. यंत्राची चूक किती महागात पडते, हे कोलोरॅडोतल्या अरोरा शहराने २०२० मध्ये पाहिलं होतं. दुसऱ्या राज्यातल्या चोरीच्या मोटारसायकलचा क्रमांक एका कुटुंबाच्या गाडीशी जुळला आणि पोलिसांनी पोरांनाही जमिनीवर पालथं झोपवलं. शहराला १९ लाख डॉलर भरपाई द्यावी लागली.

जूनच्या सुरुवातीला मुदतवाढीचा प्रस्ताव आला. लोकांचा विरोध पाहून सिटी मॅनेजरने तो मतदानाआधीच मागे घेतला आणि ३० जूनला योजना संपली. तिच्या विरोधात ठराव करावाच लागला नाही. मुदत संपली, कोणी वाढवली नाही.

अशा वेळी भाषणांपेक्षा करारातली कलमं कामी येतात. प्रयोगाला शेवटची तारीख नसती, लेखापरीक्षणाची सोय नसती, तर कॅमेरे दरवर्षीच्या अंदाजपत्रकात एक ओळ होऊन मुकाट्याने चालू राहिले असते. महामार्गाला अशी तारीख नसते. १९६२ च्या रस्त्याची दुरुस्ती आज नातवंडं करत आहेत. म्हणून नजर ठेवणारं यंत्र घेताना परिषदेने किमतीच्या आधी विचारावं, हे बंद कधी होणार आणि तपासणार कोण.